फिर्यादीवाचूनचा मृत्यू



इतिहासातील ज्या खुनांचा उलगडा झाला नाही त्यांविषयी, आणि विशेषतः त्यांत बळी पडलेल्या माणसांच्या जीवितांविषयी बोलावे, असे या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला सुचविले, तेव्हा त्यांच्या मनासमोर बहुधा शनिवारवाडा असावा. राजवाड्यातील खून म्हटला की मराठी मनाला ३० ऑगस्ट १७७३ ची ती दुपार आठवते, आणि त्या दुपारीबरोबर आनंदीबाईंनी फिरविले म्हणतात ते अक्षर, सुमेरसिंग गारद्याची तलवार आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त, अशी चित्रे एकामागून एक उभी राहतात. या चित्रांत मारला गेलेला नारायणराव पेशवा स्वतः किती आहे? अठरा वर्षांचा एक मुलगा, ज्याला पेशवाईची वस्त्रे मिळून वर्षही पुरे झाले नव्हते, तो एका आर्त हाकेपुरता आपल्या स्मरणात शिल्लक राहिला आहे. त्याच्या मारेकऱ्यांना, त्याच्या न्यायाधीशाला आणि त्याच्या चुलतीला मात्र आपण नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पुरते आयुष्य दिले आहे.

तथापि करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, उभे राहून पुण्याच्या खुनाची मीमांसा करणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण या नगरीच्या गादीवरही असा एक तरुण पुरुष होऊन गेला की ज्याच्या मृत्यूचा निवाडा कोणत्याही अदालतीने कधी केला नाही, आणि ज्याच्या जीविताची विचारपूस त्याच्या मृत्यूपेक्षाही कमी झाली. चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर पहारा करण्यासाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. त्यांचे वय त्या दिवशी वीस वर्षे आणि आठ महिने होते. त्यांना चौथे म्हणावयाचे ते करवीरच्या परंपरेने. मूळ पुरुषापासून मोजदाद करणारे वंशावळकार त्यांना सहावे म्हणतात, म्हणजे त्यांचा अनुक्रमांकही सर्वांनी एकमताने ठरविलेला नाही.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८६३ चा. दिनकरराव भोसल्यांचे हे चिरंजीव, मूळचे नाव नारायण. करवीरच्या गादीशी त्यांचा संबंध आला तो दत्तकविधानाने, आणि ते दत्तकविधान का करावे लागले हे पाहू गेले तर दृष्टी थेट इटलीपर्यंत जाते. त्यांच्या पूर्वीचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स शहरी विसाव्या वर्षी निवर्तले. तेथील आर्नो नदीच्या संगमावर हिंदू विधीने त्यांचे दहन झाले. पुढे त्या जागी छत्री उभी राहिली, आणि आज त्या बाजूने नदी ओलांडणाऱ्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक त्या हिंदी राजाच्या नावानेच ओळखतात. राजाराम महाराजांनी प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती व कॅप्टन वेस्ट याने ती १८७२ मध्ये छापून काढली. त्यामुळे त्या तरुण राजाने काय पाहिले आणि पाहून त्याला काय वाटले, हे आपण त्याच्याच शब्दांत वाचू शकतो. राजाराम महाराजांच्या मृत्यूच्या आधी एकच वर्ष, १८६९ मध्ये, त्याच घराण्यातील चिमासाहेब कराचीस निवर्तले. १८५७ च्या उठावात कोल्हापुरात त्यांचे नाव आले म्हणून सरकारने त्यांना तेथे नेऊन ठेवले होते. कराची, फ्लॉरेन्स, अहमदनगर! चौदा वर्षांच्या अवधीत या राजघराण्यातील तीन पुरुषांना आपल्या गावच्या पंचगंगेचा काठ अंतकाळी लाभला नाही, ही गोष्ट जुनी माणसे निःश्वास टाकून सांगत असत. पहिला हद्दपार, दुसरा पाहुणा. तिसऱ्याला काय म्हणावे याचा विचार आपल्याला आज करावयाचा आहे.

१८७१ मध्ये नारायण या आठ वर्षांच्या बालकाचा शिवाजी झाला. अज्ञान राजाच्या नावाने संस्थानचा कारभार चालविण्याची इंग्रजी पद्धत आपणां सर्वांना ठाऊक आहे: पोलिटिकल एजंट, त्याच्या हाताखाली कारभारी, राजाच्या अभ्यासाला शिक्षक, आणि राजाने केव्हा उठावे, काय शिकावे, कोणाला भेटावे याची बांधून दिलेली दिनचर्या. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने जो बादशाही दरबार भरविला, त्याच्या निमित्ताने या तेरा वर्षांच्या मुलाला के. सी. एस. आय. हा किताब मिळाला. त्याच साली येथे नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले. मेजर चार्ल्स मँट या इंजिनियराने त्याचा आराखडा केला. आपला टाऊन हॉल त्याचाच, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलासाचा मूळ नकाशाही त्याचाच. हा मँट १८८१ मध्ये वारला, आणि आपण बांधलेल्या इमारती ढासळणार या भीतीने त्याची बुद्धी भ्रमली होती, अशी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. आख्यायिकेची सत्यता मी आपल्या पदरात घालत नाही. एवढेच म्हणतो की ज्या मुलासाठी तो वाडा बांधला जात होता त्याच्याविषयीही तेच सांगितले जाऊ लागले होते, फरक इतकाच की इंजिनियराचे वेड ही आख्यायिका राहिली आणि राजाचे वेड हा सरकारी दफ्तरातला दाखला झाला. वाडा १८८४ मध्ये पुरा झाला. ज्याच्या कारकीर्दीत त्याचा पाया पडला तो त्यात एक रात्रही निजला नाही.

महाराज वेडे होते काय? या प्रश्नाला तत्काळ होय किंवा नाही म्हणणाऱ्या माणसापासून मी दूर राहतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला, जन्मदात्या आईबापांपासून आठव्या वर्षी तोडून, परक्यांच्या पहाऱ्यात वाढविल्यावर जी चिडखोरी, जो हट्ट, जे मौन त्याच्या ठिकाणी दिसू लागेल, त्याला वैद्याने कोणते नाव द्यावे हे त्या वैद्याला पगार कोण देतो यावरही थोडेसे अवलंबून असते. तसेच खरोखरीचा मनोविकार जडला असेल हेही असंभाव्य नाही. राजघराण्यात जन्मलेल्या माणसाला रोग होत नाहीत असा काही नियम नाही. निश्चित आहे ते एवढेच की महाराजांचा छळ होतो, त्यांना गोऱ्या पहारेकऱ्यांकडून मार बसतो, त्यांना मुद्दाम वेडे ठरविले जात आहे, अशी कुजबूज प्रथम कोल्हापुरात आणि मग पुण्यात होऊ लागली, आणि जानेवारी १८८१ मध्ये नुकत्याच निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या दोन पत्रांनी ती कुजबूज उघड्या बाजारात आणली.

पुढची हकीकत आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून मी ती भराभर सांगतो. संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे हे महाराजांविरुद्ध कारस्थान करीत असल्याचे दर्शविणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली. त्यांवर विसंबून टिळक-आगरकरांनी लिहिले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टात, ज्यूरीपुढे, नामांकित बॅरिस्टरांच्या उपस्थितीत खटला चालला. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली. आणि १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. ते डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून २६ ऑक्टोबरला सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांचे पुस्तक लिहिले. खटला चालू असताना दहा हजार रुपयांच्या जामिनाची जरूर पडली, तेव्हा जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर सत्यशोधक समाजाचे रामशेट उरवणे जामीन राहिले. पुढे ज्या दोन पक्षांनी एकमेकांवर लेखण्या परजल्या ते दोन्ही पक्ष एका कोल्हापूरकर मुलासाठी एका बाजूला उभे होते, हा योग महाराष्ट्राच्या इतिहासात फार वेळा आलेला नाही.

या सगळ्या प्रकरणात मला थबकावयास लावणारी गोष्ट निराळी आहे. हा खटला कोणाचा होता? फिर्यादी बर्वे, आरोपी टिळक-आगरकर, आणि वादाचा विषय बर्व्यांची अब्रू. ज्याच्या देहावर आणि बुद्धीवर हे सारे चालले होते तो राजा या मुकदम्यात ना वादी होता, ना प्रतिवादी, ना साक्षीदार. कारभाऱ्याची अब्रू गेली की नाही हे ठरविण्यास हायकोर्ट बसले. राजाला मारहाण होते की नाही हे ठरविण्यास कोणतेच कोर्ट बसले नाही, आणि पत्रे बनावट ठरली एवढ्यावरून मारहाणही बनावट ठरली अशी सर्वत्र समजूत करून देण्यात आली. तर्कशास्त्रात असल्या अनुमानाला जागा नाही. पण खोट्या पुराव्याने खऱ्या तक्रारीचे जितके नुकसान होते तितके मौनानेही होत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे, आणि ज्या कोणी महाराजांच्या कैवाराने ती पत्रे रचली त्याने महाराजांचा शेवटचा दरवाजा आपल्या हातांनी बंद केला असे मी समजतो. त्या निकालानंतर अहमदनगरच्या किल्ल्याकडे बोट दाखविण्याची हिंमत कोणता संपादक करणार होता?

डोंगरीच्या याच तुरुंगवासात आगरकरांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'च्या मराठी भाषांतराचे काम केले, आणि ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये, म्हणजे महाराजांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. एका राजपुत्राचे वेड खरे की वरवरचे हा ज्या नाटकाचा प्राण, आणि वेडाच्या सबबीवर त्याला राज्यातून दूर धाडून तेथे परस्पर त्याचा काटा काढावा हा ज्यातील राजाचा बेत, ते नाटक एका राजपुत्राच्या वेडावरून तुरुंगात पडलेल्या माणसाने मराठीत आणावे! आगरकरांसारख्या सूक्ष्म बुद्धीच्या पुरुषाला हे साम्य जाणवले नसेल असे मला वाटत नाही.

इकडे १८८२ मध्ये महाराजांना कारभारास असमर्थ ठरवून कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले, आणि महाराजांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. या स्थलांतराचा कायदेशीर अर्थ नीट लक्षात घ्यावा. कोल्हापूर हे संस्थान. अहमदनगर हा खालसा मुलूख, आणि त्यात लष्करी छावणीचे ठाणे. राजा आपल्या हद्दीबाहेर गेला तेव्हा तो आपल्या रयतेच्या डोळ्यांआड गेलाच, शिवाय जेथे जे काही घडेल त्याची दखल इंग्रज सरकारच्याच फौजदारी कायद्याने घ्यावयाची अशा जागी जाऊन पडला. त्याच किल्ल्यात पुढे १९४२ पासून पंडित नेहरू आणि काँग्रेसची कार्यकारिणी बंदिवान होती. नेहरूंनी तेथे भारताच्या शोधाचा मोठा ग्रंथ लिहिला. एकाच तटाच्या आत राहिलेल्या या दोन बंदिवानांपैकी एकाच्या खोलीतून सहाशे पानांचा ग्रंथ बाहेर आला, आणि दुसऱ्याच्या खोलीतून एक वैद्यकीय अहवाल.

त्या अहवालाचे सार असे सांगण्यात आले की झटापटीत महाराजांची प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, फुटली व त्यामुळे मृत्यू ओढवला. लोकांच्या तोंडी याच गोष्टीचे दुसरे रूप होते: ग्रीनने बुटाची लाथ पोटात मारली. दोन्ही विधाने परस्परविरुद्ध नाहीत हे ध्यानात ठेवावे. पाणथरी फुटली हे खरे असूनही ती कशाने फुटली हा प्रश्न उरतोच. आणि येथे मला श्रोत्यांना थोडे उत्तरेकडे न्यावे लागते. १८७५ मध्ये आग्र्यास फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी आणण्यास उशीर केला म्हणून आपल्या मोतद्दाराला मारले; तो पडला, थोड्याच वेळात मेला, आणि पाणथरी फुटल्याचे निष्पन्न झाले. मॅजिस्ट्रेटाने फुलरला साध्या दुखापतीचा अपराधी ठरवून तीस रुपये दंड केला. हिवतापाने ज्या देशात पाणथऱ्या वाढलेल्या असतात तेथे लहानशा धक्क्यानेही त्या फुटतात, हा युक्तिवाद त्या काळी साहेबलोकांच्या बाजूने इतक्यांदा करण्यात आला की नेटिवाचा देहच दोषी आणि साहेबाचा बूट निर्दोष, असा जणू एक दंडक होऊन बसला. फुलरच्या निकालावर १८७६ मध्ये खुद्द लॉर्ड लिटनने कडक शब्दांत नापसंती नोंदविली व त्यावरून कलकत्त्याच्या गोऱ्या पत्रांनी त्याच्यावर आग पाखडली. तोच लिटन पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात आमच्या तेरा वर्षांच्या राजाला किताब देणारा होता.

आणि महाराजांच्या मृत्यूचे वर्ष कोणते होते तेही पाहा. १८८३ हे सबंध वर्ष इल्बर्ट बिलाच्या वादळात गेले. हिंदी मॅजिस्ट्रेटाने गोऱ्या माणसाचा इन्साफ करावा की नाही, या एका प्रश्नावर कलकत्त्यापासून लंडनपर्यंत आकांत झाला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनला गोऱ्या मंडळींनी बहिष्कृत केल्यासारखे वागविले. आणि डिसेंबर महिन्यात सरकारने माघार घेऊन, गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे असलेल्या ज्यूरीची मागणी करता यावी, अशी तडजोड मान्य केली. त्या तडजोडीची शाई वाळते न वाळते तोच नाताळ आला. अशा हवेत एका गोऱ्या शिपायावर, एका वेड्या ठरविलेल्या हिंदी राजाच्या मृत्यूबद्दल, खुनाचा आरोप ठेवण्यास कोणता अधिकारी पुढे सरसावला असता याची कल्पना ज्याची त्याने करावी.

बडोद्याचा दाखला तर अधिकच बोलका आहे. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. रेसिडेंट मेले नाहीत, पेला ओतून मोकळे झाले. तरीही सर रिचर्ड कौच या सरन्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे कमिशन बसले, ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज त्यात होते, विलायतेहून बॅरिस्टर आला, सभासदांची मते तीन विरुद्ध तीन अशी समसमान पडली, आणि तेवढ्यानेही, ज्यांच्यावर संशय होता त्या बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची गादी राहिली नाही. एका साहेबाच्या न झालेल्या मृत्यूसाठी एवढा इन्साफ! करवीरच्या छत्रपतींच्या झालेल्या मृत्यूसाठी असले कमिशन बसले नाही, आणि खुनाचा गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही.

माझे स्वतःचे मत काय, असे आपण विचाराल. कोणी वरून हुकूम देऊन, बेत करून हा खून करविला, असे म्हणण्यास पुरावा आहे असे मला वाटत नाही. या मृत्यूने ज्यांचा लाभ झाला त्यांच्याकडे बोट दाखविण्याची एक सोपी रीत आहे. तिने पाहता रीजंटांचे चिरंजीव यशवंतराव हेच १७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या विधवा पत्नी आनंदीबाई यांच्या मांडीवर दत्तक बसले व शाहू छत्रपती झाले, यावरून कुत्सित लोकांनी काय काय रचले नसेल! लाभावरून अपराध ठरविणे ही न्यायाची रीत नव्हे, चावडीवरच्या गप्पांची आहे. पण कट नव्हता म्हणून अपघात होता हेही मला मान्य नाही. रोग्याच्या शुश्रूषेला वैद्य आणि परिचारक नेमतात. त्याच्या खोलीत गोरा सोल्जर पहाऱ्यास ठेवणाऱ्यांनी त्या खोलीत केव्हा तरी बळाचा वापर होणार हे जाणूनच ठेवला होता, आणि ज्यांनी ते जाणून केले त्यांची जबाबदारी ग्रीनच्या जबाबदारीहून कमी नाही. त्या वेळच्या पिनल कोडात खून आणि साधी दुखापत यांच्या दरम्यान बऱ्याच पायऱ्या होत्या. त्यांतील एखादीवर हे प्रकरण उभे राहिले पाहिजे होते.

उरला विस्मरणाचा प्रश्न. अहमदनगरला महाराजांची समाधी आहे, पण आपण कोल्हापूरकर तिच्या दर्शनाला कितीसे जातो? याचे कारण मला असे दिसते की हे दुःख सांभाळून ठेवील असा पक्षच पुढे राहिला नाही. पुण्याच्या परंपरेने या प्रकरणातून डोंगरीचे एकशे एक दिवस उचलले, आणि टिळकचरित्रातील पहिला तुरुंगवास म्हणून ते गौरविले. कोल्हापूरच्या परंपरेला शाहू छत्रपतींच्या रूपाने इतका प्रचंड पुरुष लाभला की त्यांच्या तेजात पूर्वीची कारकीर्द केवळ प्रस्तावना ठरली. आणि छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की नाही या वेदोक्ताच्या प्रकरणात शाहू महाराज व टिळक समोरासमोर उभे ठाकल्यावर, एका छत्रपतींच्या कैवाराने टिळक कधी काळी तुरुंगात गेले होते ही आठवण दोन्ही गोटांना सारखीच अडचणीची वाटू लागली. तेथे चौथे शिवाजी महाराज कोणाच्याच कामाचे राहिले नाहीत.

म्हणून येथे बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांना मी एक काम सांगून रजा घेतो. ग्रीनची चौकशी आता होणार नाही. ती सोडून द्यावी. आपल्या येथील पुराभिलेखागारात आणि मुंबईच्या दफ्तरखान्यात बसून १८७१ पासूनचे कागद पाहावेत: संस्थानचे सालवार अहवाल, महाराजांच्या शिक्षकांचे शेरे, खाजगीकडील जमाखर्च, पागा आणि शिकारखाना यांच्या वह्या. मुलाला कोणता घोडा आवडत असे, कोणत्या विषयात त्याची गती होती, जन्मदात्या घरची माणसे भेटीला किती वेळा आली व त्यांना भेटू दिले की नाही, हे असल्याच कागदांत धुंडाळावे लागते. ते कागद तारीखवार लावले म्हणजे बुद्धिभ्रंशाची पहिली नोंद कोणत्या दिवशी, कोणाच्या हातची, आणि कोणाच्या सांगण्यावरून झाली एवढे तरी ठरविता येईल. आणि तेवढे ठरले की पुढच्या साली याच व्यासपीठावर येणाऱ्या वक्त्याने माझ्या आजच्या विवेचनातील निम्मा भाग खोडून काढला तरी मला त्याचा विषाद वाटणार नाही.